भिंगारच्या वेशीवरून दिसणारा किल्ला

गेल्या वर्षी ऑगस्टमधली गोष्ट. इतिहासाच्या तासाला सरांनी ‘छोडो भारत’ आंदोलन शिकवता शिकवता मध्येच पुस्तक मिटले आणि विचारले, “तुमच्यापैकी नगरचा भुईकोट किल्ला आतून पाहिलेले किती?” वर्गात चाळीस-पंचेचाळीस जणी-जण होतो. हात वर झाले चार. त्यात माझा नव्हता. मी राहते भिंगारला. आमच्या घरापासून किल्ल्याचा खंदक पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. लहानपणापासून शाळेला, बाजाराला, दवाखान्याला जाताना त्या तटाच्या बाजूने मी किती वेळा गेले असेन, त्याचा हिशेब नाही. पण आत? कधीच नाही. सर रागावले नाहीत, नुसते हसले. त्या हसण्याने मात्र मला फार ओशाळल्यासारखे झाले.

घरी येऊन अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे सांगितले तर ते म्हणाले, “मी गेलोय की. सोळा वर्षं जातोय.” अण्णा ठेकेदाराकडे मजुरी करतात. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी जवळ आले की किल्ल्यातल्या भिंतींना चुना, झाडांच्या बुंध्यांना काव आणि चुन्याचे पट्टे ओढायचे, तटाच्या दरजांत उगवलेले पिंपळ उपटायचे, गवत काढायचे, अशी कामे निघतात. अण्णा चौथी शिकलेले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. आणि ज्या किल्ल्यावर मी परीक्षेत दहा गुणांचे उत्तर लिहिणार, तो मला माहीत नाही आणि अण्णांना त्याचा दगड नि दगड ठाऊक, असा हा उफराटा प्रकार! म्हणून ठरवले, दिवाळीच्या सुट्टीत ग्रंथालयातून मिळेल ते वाचायचे आणि मग अण्णांना घेऊन किल्ला पाहायचा. हा लेख त्यातून झाला आहे. (२०२४ मध्ये आपल्या शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. पण बोलताना आपण सारे ‘नगर’च म्हणतो, म्हणून लेखातही तेच ठेवले आहे.)

किल्ला म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजगड-रायगड येतात. डोंगर हीच त्यांची पहिली तटबंदी. भुईकोटाला तो आधार नाही. सपाट माळावर शत्रू चारी बाजूंनी येणार, तोफा ओढून आणणार. मग बचाव करायचा कशाने? खंदकाने, तटाच्या जाडीने आणि आकाराने. नगरचा किल्ला गोलसर, किंचित लांबट आहे. घेर सुमारे पावणेदोन किलोमीटर, आणि थोड्या थोड्या अंतरावर पुढे आलेले बुरूज, वीसांहून अधिक. गोल बांधण्यात शहाणपण असे, की चौकोनी किल्ल्याचा कोपरा तोफेला लवकर सापडतो आणि कोपऱ्याच्या आडोशाला शत्रू लपूही शकतो. इथे तसा आडोसाच नाही. एका बुरुजावरच्या माणसाला दोन्ही बाजूंच्या बुरुजांचे पायथे दिसतात. खंदकाच्या बाहेरच्या बाजूला मातीचा लांब उतार आहे. मी तो नुसता उंचवटा समजत होते. वास्तविक तटाचा खालचा भाग दुरून दिसू नये आणि तोफगोळ्याला त्यावर नेम धरता येऊ नये, यासाठी तो मुद्दाम घातलेला आहे. १८०३ मध्ये हा किल्ला घेणाऱ्या आर्थर वेलस्ली या इंग्रज सेनापतीने (पुढे वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारा वेलिंग्टन तो हाच) लिहून ठेवले आहे, की वेलोर सोडले तर एतद्देशीय किल्ल्यांत इतका भक्कम किल्ला त्याने पाहिला नव्हता.

हे सारे एकदम उभे राहिले नाही. मलिक अहमद हा बहामनी राज्याचा सरदार. १४९० मध्ये भिंगारजवळच्या लढाईत त्याने बहामनी फौजेचा पराभव केला आणि तो स्वतंत्र झाला. जिथे जय मिळाला तिथे बाग आणि वाडा केला, नाव ठेवले बाग-निजाम. १४९४ मध्ये शेजारी शहर वसवायला घेतले, तेच अहमदनगर. म्हणजे आमचे भिंगार नगरपेक्षा जुने, हे इथे जाता जाता नोंदवून ठेवते, कारण शहरातल्या मैत्रिणी मला नेहमी “तुम्ही भिंगारवाले” म्हणून चिडवतात! सुरुवातीचा कोट मातीचा होता. मलिक अहमदचा नातू पहिला हुसेन निजामशहा याच्या काळात, १५५९ ते १५६२ च्या सुमारास, तो दगडी झाला. कारणही तसेच होते. विजयनगरचा रामराया, विजापूर आणि गोवळकोंडा यांच्या एकवटलेल्या फौजा तेव्हा थेट नगरच्या मुलखात येऊन धडकत होत्या. मातीचा कोट त्यांच्यापुढे टिकला नसता. पुढे १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत याच हुसेनने रामरायाचा शिरच्छेद केला. त्या काळी नगर तोफा ओतण्यासाठीही प्रसिद्ध होते. विजापूरला सहलीत आपण पाहिलेली ‘मुलुख-ए-मैदान’ तोफ १५४९ मध्ये नगरलाच ओतलेली. आपल्या गावची वस्तू दुसऱ्याच्या बुरुजावर पाहताना तेव्हा मला हे माहीत असते, तर तिथल्या मार्गदर्शकाला मी ठणकावून सांगितले असते.

परंतु या किल्ल्याचे खरे नाव झाले ते चांदबीबीमुळे. ती हुसेन निजामशहाची मुलगी, विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाची बेगम. १५८० मध्ये विधवा झाल्यावर तिने विजापूरचा कारभार पाहिला आणि नंतर माहेरी आली. माहेरची स्थिती अशी, की गादीवर कोणी बसायचे यावरून सरदारांचे चार तट, त्यातल्याच एकाने मोगलांना बोलावून घेतलेले. अकबराचा मुलगा मुराद आणि खानखानान अब्दुर्रहीम १५९५ च्या अखेरीस किल्ल्यापुढे येऊन बसले. लहानग्या बहादूर निजामशहाच्या वतीने चांदबीबीने किल्ला लढवला. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. आतल्या लोकांनी समोरून खणत जाऊन त्यांतले काही निकामी केले, पण एक उडाला आणि तटाला मोठे भगदाड पडले. फौज पळायच्या बेतात असताना चांदबीबी चिलखत घालून, तोंडावर पडदा घेऊन, हातात तलवार घेऊन भगदाडात येऊन उभी राहिली. दिवसभर हल्ले परतवले आणि रात्रीत भिंत पुन्हा उभी केली. गोळे संपल्यावर तिने तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी तोफांतून डागली, अशी दंतकथा आहे. मला स्वतःला सोन्याच्या नाण्यांपेक्षा रात्रीत उभारलेल्या भिंतीचे अधिक वाटते. नाणी डागणारीचे नाव राहिले. ती भिंत अंधारात दगड वाहून ज्यांनी रचली, ते कोण असतील? गवंडी, पाथरवट, कदाचित आमच्यासारख्यांचे कोणी. अण्णांना हे वाचून दाखवले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “चुना भिजायला वेळ कुठला मिळाला असेल? सुक्या दगडातच रचली असणार.”

१५९६ मध्ये तह झाला. वऱ्हाड मोगलांना देऊन चांदबीबीने नगर वाचवले. चार वर्षांनी मोगल पुन्हा आले, या वेळी शहाजादा दानियाल. आता लढून उपयोग नाही, अटी ठरवून किल्ला द्यावा आणि बालराजाला सुरक्षित बाहेर काढावे, असे तिचे मत पडले. ते बाहेर फुटताच “बाई फितूर झाली” अशी आवई उठली आणि किल्ल्यातल्याच जमावाने तिला ठार केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्ट १६०० मध्ये, किल्ला मोगलांनी घेतला. ज्याच्यासाठी हे सारे केले तो मुलगा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. भगदाडात उभी राहिली तेव्हा ती सर्वांची होती. हिशेब करून शहाणपणाचा सल्ला देताच ती परकी झाली.

इथे एक गंमत सांगते. सातवीत आमची सहल ‘चांदबीबी महाला’वर गेली होती. शहराच्या पूर्वेला डोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत आहे, ती. आम्ही वर जाऊन डबे खाल्ले आणि चांदबीबी इथे राहत असे, असे समजून परत आलो. तो महाल नाहीच. ती निजामशाहीचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. जिथे ती खरोखर लढली आणि मेली, त्या किल्ल्यावरून आमची गाडी जाताना-येताना दोनदा गेली, पण थांबली नाही.

यापुढचा दोनशे वर्षांचा इतिहास थोडक्यात आटोपते, कारण त्यात लढाईपेक्षा देवघेवच जास्त आहे. मलिक अंबरने निजामशाही पुढे चालवली, पण राजधानी परांडा, जुन्नर, खडकी अशी हिंडती राहिली. १७०७ मध्ये औरंगजेब भिंगारजवळच वारला. १७५९ मध्ये किल्लेदार कवीजंगाने पैसे घेऊन किल्ला पेशव्यांच्या हवाली केला. ज्या तटाने मुरादच्या सुरुंगाला दाद दिली नाही तो थैलीपुढे वाकला! १७९७ मध्ये तो दौलतराव शिंद्यांकडे गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस नाना फडणविसांना शिंद्यांच्या माणसांनी पुण्यात पकडले आणि पुढे इथे आणून कैदेत ठेवले. १७९८ मध्ये मोठी रक्कम भरून त्यांची सुटका झाली. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने आधी, ८ तारखेला, शिड्या लावून शहराची पेठ घेतली आणि १२ तारखेला किल्ला. आतल्या शिबंदीला आपापली चीजवस्तू घेऊन बाहेर जाऊ दिले, एवढ्यावर भागले. १८१७ च्या पुण्याच्या तहाने किल्ला कायमचा इंग्रजांकडे आला.

तेव्हापासून बदलले ते असे, की पूर्वी शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी असलेला तट आता माणसांना आत ठेवण्यासाठी वापरात आला. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धात पकडलेले बोअर कैदी नगरला आणले गेले, पहिल्या महायुद्धात जर्मन. आणि मग आले १९४२.

८ ऑगस्टच्या रात्री मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव झाला. ९ च्या पहाटे धरपकड झाली. खास आगगाडी निघाली. गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान महालात नेले, आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांची गाडी पुढे नगरला आली. त्यांना कोठे ठेवले आहे हे सरकारने बरेच दिवस गुप्त ठेवले होते. एकूण बाराजण: मौलाना आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, पट्टाभि सीतारामय्या, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव. मधल्या चौकाभोवती खोल्यांची रांग, एवढेच त्यांचे जग. त्यातले बहुतेक १९४५ पर्यंत तिथेच होते.

इतक्या शहाण्या माणसांना एका चौकात कोंडल्यावर दुसरे काय होणार? पुस्तके झाली. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत लिहिले, हाताने, सुमारे हजार पाने. आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली उर्दू पत्रे लिहिली. मित्राला लिहायची, पण पाठवायला परवानगी नाही, म्हणून आपल्याजवळच ठेवायची. त्यांत पहाटे उठून स्वतः केलेल्या चहाचे वर्णन आहे आणि खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांशी झालेल्या लढाईचेही! त्याच पत्रांत एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्याला त्यांची पत्नी वारल्याची हकीकत येते. आजारपणाची बातमी कळत होती, पण सुटकेसाठी सरकारकडे अर्ज करायचा नाही, असे त्यांनी ठरवले होते. नरेंद्र देव ‘अभिधर्मकोशा’चे भाषांतर करीत. सरदार पटेलांनी ग्रंथ लिहिला नाही. बाराजणांत एकाने तरी नुसते फिरावे आणि हसवावे, हे बरेच म्हणायचे.

नेहरूंच्या पुस्तकाचा ‘भारताचा शोध’ हा साने गुरुजींनी केलेला मराठी अनुवाद आपल्या ग्रंथालयात आहे. त्यात सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. नेहरू चौकात फुलझाडांसाठी वाफे खणत. खणताना जुन्या भिंतींचे, घुमटांचे अवशेष लागत. पुढे खोल जाऊ देत नसत, कारण कैद्याने जमीन उकरणे अधिकाऱ्यांना पसंत नव्हते. तिथेच त्यांना चांदबीबीची आठवण होते. हे मी वाचून दाखवताच अण्णा पुढे सरकून बसले. म्हणाले, “बरोबर आहे. तिथं कुदळ मारली की खण्ण वाजतं. मुकादम म्हणायचा, जुनी फरशी आहे, वरच्या वर खणा.” हजार पानांच्या ग्रंथातली एक गोष्ट अण्णांना आधीच माहीत होती. मला तोवर माझे शिक्षण म्हणजे अण्णांना नसलेली वस्तू वाटत असे.

आम्ही दोघे नोव्हेंबरमधल्या एका रविवारी गेलो. किल्ला आजही लष्कराच्या ताब्यात आहे. नगर हे चिलखती दलाचे, म्हणजे रणगाड्यांचे, मोठे केंद्र असल्याने लष्कर आपल्याला नवे नाही. दारावर ओळखपत्र दाखवून नोंदवहीत लिहावे लागते. ठेकेदाराच्या गेटपासवर सोळा वर्षे आत गेलेले अण्णा या वहीपुढे प्रथमच उभे राहिले. नाव लिहिले, गाव लिहिले. ‘भेटीचे कारण’ या रकान्याशी मात्र पेन थांबला. माझ्याकडे पाहिले. मी काही बोलले नाही. मग त्यांनी सावकाश अक्षर काढून लिहिले, ‘बघणे’.

नेत्यांच्या खोल्या नीट जपलेल्या आहेत. मी भिंतीवरच्या पाट्या वाचीत होते आणि अण्णा भिंतीच पाहत होते. या खोल्यांना मजूर ‘पुढाऱ्यांच्या खोल्या’ म्हणतात, हे मला तिथे कळले. तटावरून शहर आणि खाली झुडपांनी भरलेला खंदक दिसतो. पिंपळाची रोपे दगडांच्या सांध्यांतून पुन्हा डोकावत होती. पिंपळ तोडणे पाप, म्हणून मजूर आधी हात जोडतात आणि मग उपटतात, असे अण्णांनी सांगितले. नुसता कोयत्याने छाटला तर दुप्पट जोराने फुटतो. मूळ काढून दरज चुन्याने भरली तरच तट वाचतो. ही माहिती मला कोणत्याही पुस्तकात मिळाली नव्हती.

आता शेवटचा मुद्दा, ज्यावर आमच्या वर्गात पुष्कळ वाद झाला. हा किल्ला लष्कराने सोडावा आणि तो सर्वांसाठी पूर्ण खुला करावा, अशी मागणी नगरमध्ये अनेकदा होते. दिल्लीचा लाल किल्ला लष्कराने २००३ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या हवाली केला, सोलापूरच्या भुईकोटात लोक संध्याकाळी बागेत फिरायला जातात, मग नगरनेच काय पाप केले? मीही वादात तावातावाने याच बाजूने बोलले होते. चारच हात वर झाले, त्याला हा बंदोबस्तही कारण आहेच. ज्या गावच्या मुलांना आपला किल्ला नोंदवहीवर सही करून पाहावा लागतो, ती तो पाहायचेच सोडून देतात.

पण अण्णांचे म्हणणे वेगळे. तटावरून उतरताना ते म्हणाले, “पहारा आहे म्हणून दगड जागेवर आहेत. नाहीतर भिंगारातल्या निम्म्या जोत्यांना हेच दगड दिसले असते, आपल्याही.” याला उत्तर देणे मला जड गेले. ओसाड गढ्यांचे दगड गावांनी घरांना कसे नेले, हे मी आजोळी डोळ्यांनी पाहिले आहे. तरीही मला पूर्ण पटलेले नाही. पहारेकऱ्यामुळे दगड टिकतील, पण गावाला जिव्हाळा वाटला तरच उद्या पहारा उठल्यावर टिकतील ना? माझे मत असे, की मालकी कोणाकडेही असो, प्रत्येक शाळेची निदान एक सहल सलाबतखानाच्या डोंगराऐवजी इथे थांबावी आणि माहिती सांगायला इतिहासाच्या विद्यार्थ्यांबरोबर तटाच्या दरजा भरणारा एखादा माणूसही असावा. सरांना मी हे सांगितले आहे. ते म्हणाले, “अर्ज लिहून आण.” तो अर्ज मी लिहिते आहे.

‘भारताचा शोध’ मी रोज रात्री जेवणानंतर अण्णांना थोडा थोडा वाचून दाखवते. सिंधू संस्कृतीपाशी ते पेंगू लागले होते, अशोकापाशी पुन्हा जागे झाले. आता आम्ही मोगलांपर्यंत आलो आहोत. ग्रंथपाल सरांनी पुस्तकाची मुदत दोनदा वाढवून दिली आहे. हा लेख त्यांच्या वाचनात आला तर तिसऱ्यांदाही द्यावी, अशी नम्र विनंती.